आजीची मूठ

माणूस घर सोडून दूर गेला, की घरातील अनेक गोष्टी त्याला हळूहळू आठवू लागतात. परंतु घरच्या जेवणाची आठवण मात्र पहिल्याच दिवशी येते. कऱ्हाडजवळच्या मलकापुरातील एक तरुण नोकरीनिमित्त बंगळूरला गेला, तेव्हा त्यालाही हाच अनुभव आला. मलकापुराजवळून जाणाऱ्या महामार्गाने तो थेट त्या शहरी पोहोचला. पण ज्वारीची भाकरी, अख्खा मसूर आणि मिरचीचा खर्डा मागेच राहिले.

शेवटी त्याने स्वतःच स्वयंपाक शिकावयाचे ठरविले. आजीला विचारावे, तर ती म्हणे, “आरं, अंदाजानं घालायचं, बाळा!” आजीचा अंदाज आयुष्यभर चुलीपाशी बसून घडलेला, नवशिक्याच्या हाती तो एका दिवसात कोठून यावा? म्हणून एखादे चांगले पाकपुस्तक घ्यावे, असे त्याच्या मनाने घेतले.

मराठीत अशा पुस्तकांना तोटा नाही. ‘सूपशास्त्र’ हा पाकग्रंथ तर १८७५ सालीच छापला गेला होता. दुकानातील मांडणीपुढे उभा राहून तो गोंधळला. मग त्याने एक युक्ती योजिली. ज्या पदार्थाची चव आपल्या जिभेला पक्की ठाऊक आहे, त्याचेच पान प्रथम उघडावयाचे! एका पुस्तकात चित्रे फार सुरेख होती. पण ज्वारीच्या भाकरीला पाणी गरम हवे की गार, याचा उल्लेखही नव्हता. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. त्यातून ते जुने होऊन त्याची विरी गेली, म्हणजे भाकरी थापताना तुटते. अशा वेळी कढत पाणीच उपयोगी पडते. ही साधी गोष्ट जे पुस्तक सांगत नाही, ते नवशिक्याच्या काय कामाचे?

अखेर त्याने कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ निवडले. कमलाबाईंचा जन्म १९१३ साली शेजारच्याच सांगली जिल्ह्यातील कुंडल गावी झाला. त्यांचे शिक्षण अवघे चौथीपर्यंतचे. पाककला त्या सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात त्यांनी वाटी आणि चमचा अशी, घरोघरी सापडणारी मापे दिली. त्यामुळे तराजू नसलेल्या घरातही ते उपयोगी पडले.

तरीही एक उणीव राहिलीच. आजीच्या हातचे हुलग्याचे माडगे तिच्या रीतीने कोणत्याही पुस्तकात मिळेना. यात नवल ते काय? मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यपरंपरेवर शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक निघाले, ते २०१५ साली. पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी चुली पेटल्या, पण त्यांवर काय शिजते, हे पुस्तकांत फारसे आलेच नाही. पदार्थ छापला गेला नाही, म्हणून तो हलका ठरत नाही. त्याला लिहिणारा भेटला नाही, इतकेच.

हे ध्यानात येताच तो दिवाळीच्या सुटीत वही घेऊन आजीजवळ बसला. आजीचे हात आता कापू लागले होते. तिने हुलग्याच्या पिठाची मूठ भरली, की तो म्हणे, “आजी, थांब!” आणि ती मूठ वाटीत ओतून मापून घेई. गूळ, मीठ, सुंठ, पाणी, सारे त्याने असेच टिपून ठेवले. आजी हसून म्हणाली, “आता माझी मूठबी पुस्तकात गेली म्हणायची!”

छापील पुस्तक पारखून घ्यावे, हे खरेच; परंतु त्यात जे सापडत नाही, ते सांगणारे माणूस घरात आहे, तोवरच लिहून घ्यावे. ते काम दुसरे कोणी करणार नाही.