आमचा डिफॉल्ट कर्नल

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. सकाळी चहा घेऊन सवयीप्रमाणे लॅपटॉप लावला, तर स्क्रीन काळी. कोपऱ्यात फक्त एक रेघ लुकलुकत होती. बंद केला, पुन्हा लावला. तेच. आदल्या रात्री अपडेट आलं होतं आणि मी आज्ञाधारक विद्यार्थिनीसारखं 'होय' म्हटलं होतं.

डोंबिवलीत स्टेशनजवळच्या एका दुकानात घेऊन गेले. तिथल्या मुलाने एकदा चालू करून पाहिला आणि म्हणाला, "काकी, हे लिनक्स आहे. फॉरमॅट मारून विंडोज टाकावं लागेल."

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणार. आणि त्यात ताईच्या ओव्या होत्या. कल्याणला तिच्या स्वयंपाकघरात बसून मी त्या रेकॉर्ड केल्या होत्या, चाळीसेक असतील. मध्येच कुकरच्या शिट्ट्या आहेत, एका ठिकाणी ती कावळ्याला हाकलते आहे. ताई २०२२ मध्ये गेली. दुसरी प्रत कुठेही नव्हती. (मुलांना आयुष्यभर 'नक्कल ठेवा रे' सांगणारी बाई मी!)

लॅपटॉप पिशवीत घालून तशीच घरी आले आणि ठाण्याला भाच्याला फोन लावला. ओव्यांचं ऐकून तो क्षणभर काहीच बोलला नाही. त्याच्या आईचाच आवाज तो. मग म्हणाला, "मावशी, घाबरू नकोस. फाइली जागच्या जागी असतील. चालू करताना शिफ्ट दाबून धर."

धरली. एक यादी आली. दुसऱ्या ओळीवर 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबंटू' असं होतं. त्यात शिरल्यावर दोन कर्नल दिसले, वर ६.८ आणि खाली ६.५. प्रत्येकाच्या जोडीला एकेक 'रिकव्हरी मोड'. "खालचा ६.५ निवड." निवडला, आणि माझा नेहमीचा पडदा समोर!

कर्नल म्हटलं की मला लष्करातले आठवतात, पण हा कर्नल म्हणजे गर, गाभा. यंत्राचे भाग आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसून सगळी देवघेव तो सांभाळतो. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिहायला घेतला तो हाच. उबंटू नवा कर्नल आणतं तेव्हा जुना लगेच फेकून देत नाही, हे फार शहाणपणाचं. माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो. ६.८ साठी तो बांधला गेलाच नव्हता, म्हणून अंधार.

पहिलं काम केलं ते ओव्या दोन पेन ड्राइव्हवर उतरवण्याचं. एक भाच्याला दिला.

पण रोज शिफ्ट धरून कुठे बसणार? ग्रब नावाचा प्रोग्रॅम सुरुवातीला कोणता कर्नल उठवायचा ते ठरवतो. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये डिफॉल्टपुढे शून्य असतं. मोजणी शून्यापासून, म्हणजे शून्य ही सर्वांत वरची ओळ आणि तिथे सर्वांत नवा कर्नल. फोनवर विचारत विचारत मी तिथे दुसऱ्या ओळीतली आतली तिसरी असा आकडा घातला. काही आठवडे ठीक चाललं. मग ६.८ चीच नवी आवृत्ती आली आणि पुन्हा काळी स्क्रीन!

या वेळी मात्र कारण माझं मलाच कळलं. वर्गात मध्येच नवा मुलगा आला आणि आडनावांप्रमाणे हजेरीपट पुन्हा लावला की सगळ्यांचे नंबर सरकतात. 'अठरा नंबर' म्हणून हाक मारली तर भलताच उभा राहतो. तसं माझ्या तिसऱ्या ओळीवर आता ६.५ नव्हता, मागचा ६.८ होता. भाच्याला सांगितलं तर तो हसून म्हणाला, "बरोबर आहे बाई!" मग आम्ही डिफॉल्टपुढे 'सेव्ह्ड' लिहिलं. शेवटी जो निवडाल तो त्याच्या ओळखीनिशी लक्षात राहतो, नंबर कितीही सरकोत.

तरी भाच्याचं समाधान होईना. ६.५ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबलं होतं, आणि मी बँकेचं कामही यावरच करते. उबंटू २२.०४ मुळात ५.१५ कर्नल घेऊन आलं होतं आणि त्याला २०२७ पर्यंत दुरुस्त्या मिळणार होत्या. एका रविवारी तो घरी आला. पोहे खाता खाता आम्ही ५.१५ घातला, ड्रायव्हर त्यावर व्यवस्थित बांधला गेला. लॅपटॉप दोनदा बंद-चालू करून पाहिला आणि मगच ६.५ आणि ६.८ दोन्ही काढले. ६.८ पुन्हा ओढून आणणारं पॅकेजही काढलं, नाहीतर पुढच्या अपडेटला तो परत हजर.

मग फाइल उघडून मी 'सेव्ह्ड' खोडलं आणि पुन्हा शून्य लिहिलं. आता सगळ्यात वरची ओळच ५.१५ ची होती. भाचा निघता निघता म्हणाला, "मावशी, ती कावळ्याची लाव ना एकदा."