कड्यावरचा चहा, ३४,२२० रुपये

एका रात्रीचे ४२,००० रुपये. प्लस टॅक्स!

दादाने हे रेटकार्ड व्हॉट्सअॅपवर टाकलं आणि खाली एवढंच लिहिलं, ‘आई-बाबांची पस्तिसावी अॅनिव्हर्सरी. बोल.’ सोबत फोटो. मावळातला एक कडा, कड्याच्या टोकावर काचेच्या भिंतींचा व्हिला, व्हिलाला स्वतःचा स्विमिंग पूल, आणि पुलाच्या पाण्याला चिकटूनच सुरू होणारी दरी. फोटो बघून जीव खाली-वर झाला. मग कॅल्क्युलेटर उघडला आणि तो फक्त खालीच गेला.

साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी. म्हणजे रात्रीचे ४९,५६०. वीकेंडला किमान दोन रात्री घ्यायच्याच, हा त्यांचा नियम. म्हणजे ९९,१२०. दादा हिंजवडीत आयटीत आहे, त्याला निम्मे जमले असते. मी फ्रीलान्स पत्रकार. माझे चेक दोन-दोन महिने रस्त्यातच असतात. माझ्या वाट्याचा आकडा म्हणजे माझं तीन महिन्यांचं घरभाडं. एवढ्या पैशांत लोक थायलंडला जाऊन येतात हो, आणि आपण लोणावळ्याला? जिथे पुण्याहून लोकलने वडापावच्या भावात पोचता येतं?

पण ‘परवडत नाही’ म्हणून विषय संपवणं मला पटेना. मी कागद घेतला आणि एकच प्रश्न लिहिला : या पैशांत नक्की काय विकत मिळतंय?

पहिलं, अर्थातच व्ह्यू. आता खरं सांगा, सह्याद्रीचा कडा बघायला पैसे लागतात? खंडाळ्याला राजमाची पॉइंटवर उभं राहा, अख्खा बोरघाट पायाखाली. १८६३ मध्ये पूर्ण झालेली ती घाटातली रेल्वेसुद्धा त्यात फुकट. टायगर पॉइंटला गाडी जवळपास टोकापर्यंत जाते. पाय शाबूत असतील तर लोहगड आहेच, २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतला. तिथून पवनेचं पाणी आणि समोर तुंग-तिकोना दिसतात, तो फोटो कुठल्याही ब्रोशरला लाजवेल.

बरं, पावसाळ्याचं काय? लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. तेव्हा कड्यावर काय दिसतं? धुकं! मी बुकिंगच्या मुलीला फोनवर विचारलं, ‘जुलैत दरी दिसते का?’ ती गोड आवाजात म्हणाली, ‘मॅडम, जुलैत ढग तुमच्या रूममध्ये येतात.’ उत्तर मिळालं. आणि गंमत म्हणजे सगळ्यांत महाग रेटही पावसाळी वीकेंडचाच. दरीच्या नावाने पैसे भरायचे आणि पांढरी भिंत बघायची!

फुकटच्या व्ह्यूचीही किंमत असते, हे मान्य. शनिवार-रविवारी तिथे माणसांचाच घाट असतो. आणि ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ते आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. आई-बाबांना घेऊन अशा ठिकाणी पावसात जायचंच नव्हतं. पण ऑक्टोबरमध्ये, मधल्या वारी? आकाश स्वच्छ, दऱ्या अजून हिरव्या, गर्दी ऑफिसात. व्ह्यूवर मी काट मारली.

दुसरं, प्रायव्हेट पूल. बाबांना पोहता येत नाही. आई पाण्यात फार तर घोट्यापर्यंत, तेही साडी सावरत. काट.

तिसरं वाचलं आणि मी थांबले. ‘फुली इक्विप्ड किचन.’ चार बर्नरची शेगडी, ओव्हन, ओटा, भांडी. ब्रोशरमध्ये त्याचा अर्ध्या पानाचा फोटो!

तुम्हाला आमच्या घरच्या लोणावळा ट्रिपा सांगते. भाड्याचा बंगला, काका-मामा-आत्या धरून चौदा माणसं. पोळ्यांचा डबा घरून, वड्यांचं सारण घरून, कढई आणि झारासुद्धा घरून. सकाळी साडेपाचला परक्या गॅसवर आई चौदा कपांचं आधण ठेवायची. आम्ही पोरं भिजून आलो की भजी, बाबा-काका पत्ते कुटायला बसले की परत चहा. त्या ट्रिपांच्या अल्बममध्ये आई दोन फोटोंत आहे. एकात तिच्या हातात झारा आहे, दुसऱ्यात पाठमोरी आहे. पस्तीस वर्षांत आईने लोणावळ्यात काय पाहिलं? ओटा!

आणि आम्ही तिला पस्तिसाव्या अॅनिव्हर्सरीला भेट काय देणार होतो, तर दरी दिसणारा ओटा. शेगडी समोर असली की ती गप्प बसणार नाही, हे मी लिहून देते. ‘बाहेर कशाला सांगायचं, मी टाकते ना दोन कप.’

तेव्हा कळलं, आम्हाला काय विकत घ्यायचंय. कडा नाही, पूल नाही. आईला एक सकाळ हवी होती, जिच्यात तिने काहीच करायचं नाही. एवढंच.

मग सगळा हिशेब बदलला. मी परत फोन केला. त्याच ठिकाणी, त्याच कड्यावर, किचन आणि पूल नसलेली दोन खोल्यांची छोटी कॉटेज होती. वीकडेला एक रात्र चालत होती. सगळी जेवणं धरून २९,०००, टॅक्ससकट ३४,२२०. मी आणि दादा, प्रत्येकी १७,११०. तरीही दुखलंच! पण हे दुखणं महिन्याभरात भरून येणारं होतं. ऑक्टोबरचा मंगळवार ठरला.

जाताना कार्ल्याला थांबलो, कारण एकवीरेला हात जोडल्याशिवाय आई पुढे जाणार नव्हती. देवळाच्या शेजारीच लेणी. तिथलं चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांतलं सगळ्यांत मोठं, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं. पावसाळ्यात फिरणं थांबवून बौद्ध भिक्खू अशा डोंगरातल्या लेण्यांमध्ये वर्षावासाला राहायचे. म्हणजे मावळातला हा फार जुना मॉन्सून स्टे! खर्च मात्र व्यापाऱ्यांनी आणि भाविकांनी केलेला. खांबांवर देणाऱ्यांची नावं कोरलीत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठींनी तर हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असंच कोरून ठेवलंय. आजचे कॉपीरायटर काय लिहितील!

मी हे सगळं वाचून दाखवलं. आई म्हणाली, ‘म्हणजे राहणारे वेगळे आणि पैसे देणारे वेगळे.’ मग माझ्याकडे बघून, ‘आपल्याला किती पडले?’

‘ऑफर होती,’ दादा म्हणाला. बाबांनी ‘हं’ केलं. त्या ‘हं’मध्ये पस्तीस वर्षांची नोकरी आणि तेवढ्याच वर्षांच्या बिलांची तपासणी होती.

कॉटेज छान होती. फोटोतल्यापेक्षा लहान, पण दरी फोटोतल्यापेक्षा मोठी. आम्हाला बग्गीतून सोडणारा मुलगा खालच्याच गावातला. ‘आम्ही रोज बघतो हा कडा,’ तो म्हणाला, ‘फक्त खालून.’ बाबांनी त्याच्याशी भाताच्या कापणीवर अर्धा तास गप्पा मारल्या. त्या दिवसातला त्यांचा सगळ्यांत आवडता अर्धा तास तोच, आणि तो बिलात नव्हता.

सकाळी साडेपाचला आई उठलीच. सवय. उठून तिने दोन्ही खोल्यांत ओटा शोधला. एक किटली आणि टी-बॅगा सापडल्या, त्यांच्याकडे तिने तुच्छतेने पाहिलं. मग शाल घेऊन बाहेर गॅलरीत बसली. सहाला कुणीतरी ट्रे घेऊन आलं. मी दाराआडून बघत होते. समोर उजाडत होतं, हातात कप होता, आणि कुणालाही काही हवं नव्हतं. साधारण पाऊण तास ती तशीच बसली. मी फोटो काढला नाही, मध्ये गेले नाही.

‘चहा अगदीच पांचट आहे यांचा,’ नाश्त्याच्या वेळी ती म्हणाली.

‘मग दोनदा का मागवलास?’ बाबांनी विचारलं.

‘आणून देत होते म्हणून.’

तेव्हा तुमच्याही ग्रुपवर असं एखादं रेटकार्ड येऊन पडलं, तर लगेच ‘वॉव’ किंवा लगेच ‘वेडे आहात का’ लिहू नका. जे फुकट मिळतं त्यावर काट मारा. जे तुमचं माणूस वापरणारच नाही त्यावरही मारा. उरलेल्यात त्या माणसाला कधीच न मिळालेलं काही असेल, तर तेवढ्यापुरतेच पैसे मोजा, आणि वार बघून मोजा. काहीच उरलं नाही, तर टायगर पॉइंटला मक्याचं कणीस खा आणि घरी या, तेही वाईट नाही.

‘वर्थ’ होतं का? एक रात्र, हो. दुसऱ्या रात्रीचे मी दिले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने किचनचा रस्ता विचारला असता.