वानेरा, बालंक्या, शेवरा

उदगीरच्या माळावर चैत्र सरता सरता ऊन असं उतरतं, की काळ्या रानाला भेगा पडतात, विहिरीचा तळ उघडा पडतो, लिंबाची सावली आखडून खोडाला बिलगते आणि त्या एवढ्याशा सावलीत देवणी गाय डोळे अर्धे मिटून संथ रवंथ करत असते. धाप नाही. तगमग नाही.

हे निवांतपण तिच्या एकटीचं नव्हे. गीर, डांगी आणि इथली गावरान गुरं यांच्या मिश्रणातून देवणी घडली असं मानतात. कुणी उन्हाळाभर औताला न डगमगलेला बैल पाहून त्याच्या बापाची चौकशी केली असेल, कुणी दुष्काळात वासरू जगवणारी गाय अडचणीतही विकली नसेल. कुठल्याच वहीत न उतरलेल्या अशा निवडींवर पिढ्या गेल्या आणि ऊन हळूहळू रक्तात मुरलं. देवणीत तोंड काळं तो वानेरा, सारा पांढरा तो बालंक्या, अंगभर काळे ठिपके तो शेवरा. नुसती नावं घेतली तरी हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार कानात घुमू लागतो, आणि त्यापल्याड कंधारच्या रानातली तांबूस लाल कंधारी गाय दिसू लागते.

देवणीची सैल कातडी, मानेखाली झुलणारी पोळी, आखूड चकचकीत केस, त्यांच्याखाली काळी त्वचा. ऊन अंगावर घ्यायचं आणि घामावाटे परत करायचं, हे या देहाला शिकवावं लागत नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठात या देवणीचा होल्स्टिन फ्रिजियनशी संकर करून होलदेव ही संकरित गाय घडवली गेली. थंड मुलखातलं भरघोस दूध हवं होतं. सोसणं मात्र इथलं. असाच शोध समुद्रातही चालू आहे: पाणी तापू लागलं तशी माणसं दोन जातींच्या कालवांचा संकर करून उष्णता झेलणारी पिढी शोधताहेत. गोठा असो की खाडी, तापत्या दिवसांत माणूस दुसऱ्या जिवाच्या सोसण्याकडेच आशेनं बघतो.

पण सोसण्यालाही तळ असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात काटक रक्ताचाही इलाज चालला नाही. ऊन रक्तात मुरतं. तहान मुरत नाही.

सावली, पाणी, कडबा माणसानंच द्यायचा. आणि होलदेव घडवायलाही आधी निखळ देवणीच लागते. म्हणून सांगणं एवढंच, गावात एक तरी जातिवंत देवणी वळू राखा.