आधी मोजमाप

चोर्ला घाटात आमचा टाटा १६१३ पुन्हा धापा टाकत उभा राहिला आणि मी बेळगावला घरी येऊन जाहीर केलं, "बाबा, जुनं ६९७ काढू. कमिन्सचं ५.९ लिटरचं बसवू, गिअरबॉक्स त्याच्याच जोडीचा."

बाबांनी या इंजिनाचं बोअरिंग दोनदा करून घेतलंय. माझ्या शाळेची फी त्यानेच भरली. ते नको म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "इंजिन बसेल रे. त्याच्या मागचं काय?"

मागचं म्हणजे सगळंच. बेल हाउसिंगची भोकं, क्लच प्लेटचे दाते, गिअरबॉक्सची लांबी. तो दोन इंच जरी लांब निघाला तरी प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो, नाहीतर गाडी थरथरते. फाउंडेशनचे ब्रॅकेट, रेडिएटरचे पाइप, क्राउन-पिनियनचा रेशो... मी फक्त हॉर्सपॉवर बघितली होती! शिवाय आरसीवर इंजिन नंबर असतो, म्हणजे आरटीओची परवानगी आधी. गाडी खोलून ठेवली आणि कागद अडकले, तर त्या महिन्यात घर कशावर चालणार?

रविवारी दोघंही ट्रकखाली शिरलो. टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं बाबांकडे. गुडघा दुखत होता तरी ऐकेनात. मापं त्यांनी जुन्या बिल्टीच्या पाठीवर लिहिली. बाहेर आल्यावर हात पुसत म्हणाले, "आता गॅरेजवाल्याला फोन कर. जुनं इंजिन मात्र भंगारात घालू नकोस, परड्यात ठेवू."