सोळावी मात्रा

मावशींचं चित्र पायांपासून सुरू होतं. त्या लोकर खालून वर विणत जातात, त्यामुळे आधी टाचा, मग घुंगरांचा पट्टा, मग पोटऱ्या. चेहरा यायला तीन महिने लागतात. "आम्हीही असंच शिकलो," त्या म्हणतात. "आधी ततकार. हाताचं नंतर."

आमच्या खालच्या मजल्यावरच्या या मावशींनी पुण्यात तीसेक वर्षं कथक केलं. दोन्ही गुडघे बदलल्यावर नाच थांबला. त्यांच्या नाचाचं एकही चित्रीकरण नाही. आहेत ते चार-पाच फोटो, तेही सगळे समेवरचे. फोटोग्राफरला बटण दाबायला सम सोयीची. नर्तकी क्षणभर थांबलेली असते.

मावशी विणतात ते समेच्या आधीचं. तीनतालाची सोळावी मात्रा: एक पाय हवेत, हात अर्ध्यावर, तोल कुठे जाणार ते ठरायचंय.

मी भेटलो तेव्हा त्या साध्या आलेख-कागदावर आकृती काढून बाई बुटकी होते म्हणून वैतागल्या होत्या. सुलट विणीचा टाका चौकोनी नसतो, रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. त्यांच्या हाताला दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी बसतात. म्हणजे चौकोनी घरांवर काढलेली बाई विणल्यावर चौथाईहून जास्त खुजी. आमच्या धंद्यात पिक्सेल चौकोनी धरून चालतात, इथे तसं नाही. मी साडेचार मिलिमीटर रुंद आणि ३.३ उंच घरांचा कागद छापून दिला. अर्धा मीटर रुंद, एक मीटर उंच चित्राला ३३,००० टाके.

फोटोवरून थेट आराखडा काढणारा प्रोग्रॅमही लिहिला. तो त्यांनी कौतुकाने पाहिला आणि बाजूला ठेवला. "अरे, फोटो समेचा आहे ना."

(रंग मात्र भडक निवडतात. राणी आणि पोपटी. मी बोलत नाही.)

चित्र पालथं केलं की दिसतं, रंग बदलतो तिथे प्रत्येक वेळी दोन धागे एकमेकांभोवती वळवलेत. नाहीतर भोक पडतं.

सध्याचं चित्र गुडघ्यावर अडलंय. तीनदा उसवलं. वाकलेला दिसतो, पण भार घेतलेला दिसत नाही. परवा त्यांनी मलाच दिवाणखान्यात उभं केलं: डाव्या पायावर वजन, उजवा उचललेला. त्या खुर्चीत बसून हाताने ताल धरत होत्या. अकराव्या मात्रेला मी डगमगलो.

"हं, तसाच राहा," म्हणत त्यांनी पेन्सिल उचलली.