खिळा, गाठ आणि ओली कामटी

सिल्वासात घरामागे आई-बाबांना दुपारी बसायला मी बांबूचा मांडव घातला. व्हिडिओ पाहून, दोन रविवारांत, सगळे सांधे खिळ्यांनी ठोकून. मे अखेरीस वळवाचा वारा सुटला आणि एक आडवा बांबू थेट बाबांच्या खुर्चीवर पडला. बाबा नुकतेच चहाला आत गेले होते, म्हणून निभावलं.

पुढच्या रविवारी खानवेल गाठलं. सिल्वासापासून वीसेक किलोमीटर. झाडीतला रस्ता, पुढे साकरतोड नदी. एका पाड्यावर एक वारली काका कुडाची डागडुजी करत होते. त्यांची वारली, माझी मराठी. दुभाषी लागला नाही. मोबाइलवरचा फोटो पाहून ते हसले. "भाऊ, खिळा ठोकला तेव्हाच बांबू चिरला."

खरंच आहे. बांबूचे तंतू उभे धावतात. खिळा त्यांना फाकवतो. दोन गाठींमधलं कांडं पोकळ, पण गाठीत आडवा पडदा असतो. म्हणून सांधा गाठीजवळ घ्यायचा. काकांनी खांबाचा माथा गाठीच्या थोडा वर कापून त्याला माशाच्या उघड्या तोंडासारखी खाच दिली. आडवा बांबू तीत बसला. भार खाच पेलते. बांध फक्त बांबू हलू देत नाही.

बांधायला भिजवलेली बांबूची कामटी. वाळताना ती आवळत जाते. मात्र खांब आधीच वाळलेले हवेत; ओले असले तर तेच आकसतात आणि बांध सैल पडतो. माझे बांबू ओलेच होते!

बोल्ट लावायचा तर गिरमिटाने भोक पाडून, गाठीजवळ. मोठ्या कामात कोलंबियाचे वास्तुविशारद सिमोन वेलेझ बोल्टाच्या जागचं पोकळ कांडं सिमेंटच्या मसाल्याने भरतात. २००० साली हॅनोव्हरच्या एक्स्पोत त्यांनी बांबूचा भव्य मंडप उभारला होता. आमच्या मांडवाला कामटी पुरेशी होती.

निघताना काका म्हणाले, "दर पावसाळ्याआधी बांध बघायचा. सैल वाटला, की नवा."

वाळलेले बांबू आणून मांडव पुन्हा उभा केला. बाबांनी आधी चारही खांब हाताने हलवून पाहिले, मगच खुर्ची मागवली. आता दरवर्षी मेच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं बांध तपासतो. खांब हलवायचं काम अजून त्यांच्याचकडे आहे.