परत आलेल्यांची वही

ग्रामसेवक म्हणून गावाकडं कसं बघायचं, हे मला अक्कांनी शिकवलं. अक्का म्हणजे लहानपणी पोलिओ झालेल्या, कुबड्यांवर चालणाऱ्या, घरी शिवणकाम करणाऱ्या बाई.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. मार्च जवळ आला की यादी काढायची, रक्कम सारखी वाटायची, सह्या-अंगठे घ्यायचे, ही बऱ्याच गावांची रीत. असंच वाटप चालू असताना अक्का म्हणाल्या, “भाऊसाहेब, कुणाला काय दिलंत ते लिहिलंय तुमच्याकडं. कोण कुठनं रिकाम्या हातानं परत आलं, ते कुठं लिहिता?”

ग्रामपंचायतीच्या दप्तरात 1 ते 33 नमुने असतात. त्यांत या प्रश्नाला रकाना नाही.

अक्कांकडे मात्र वही होती. कपडे शिवायला येणाऱ्यांशी बोलता बोलता त्या लिहून घ्यायच्या. कुष्ठरोगातून बरे झालेले एक आजोबा : बोटं झिजलेली, रेशनच्या मशीनवर ठसा उमटत नाही, धान्य मिळालं नाही. ठसा उमटत नसेल तर दुसऱ्या मार्गानं ओळख पटवायची सोय आहे, पण ती त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. ऐकू न येणारी एक सून : दवाखान्यात नंबर पुकारला, तिला कळला नाही, ओपीडी संपली. एसटीत सवलत 75 टक्के, पण पहिली पायरीच चढवत नाही, म्हणून अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या वैद्यकीय बोर्डापुढं गेलाच नाही असा एक तरुण.

वहीतला शेवटचा रकाना होता ‘पुन्हा गेलात का?’ त्याखाली बहुतेक ठिकाणी ‘नाही’. मला त्या रकान्यानं हलवून सोडलं. माणूस पुन्हा गेला नाही की कार्यालयाच्या लेखी त्याची गरजच संपते. अर्ज नाही, म्हणजे मागणी नाही. मागणी नाही, म्हणजे तरतूद नाही. नुसतं मोजलं जाणंही सोपं नव्हतं : 2001च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न यावा म्हणून अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जावेद आबिदींसारख्यांना झगडावं लागलं. 2011च्या जनगणनेनं देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती मोजल्या, महाराष्ट्रात 29 लाखांवर. ही मोजणी हवीच होती. पण यांतलं कोण कुठल्या दारातून परत फिरलं, हे त्या आकड्यात दिसत नाही.

मग वाटपाआधी आम्ही वही ग्रामसभेत वाचू लागलो, ज्यांची हरकत नव्हती त्यांच्याच नोंदी. रेशन दुकानाला उतार आणि कठडा झाला. बोर्डाच्या दिवशी गाडी ठरवून माणसं जिल्ह्याला नेली. आजोबांचं धान्य सुरू झालं. एसटीची पायरी आमच्या हातात नव्हती. ती नोंद तशीच उघडी राहिली.

बदली झाली तेव्हा मी ती वही चार्जच्या यादीत रीतसर लिहिली. नव्या भाऊसाहेबांनी सही करून ताब्यात घेतली. अक्कांना ते सांगायला गेलो, तर त्यांनी वहीतली उणीव दाखवली. “2016च्या दिव्यांगांच्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार हायेत म्हणता. डोक्याच्या आजाराचं एक तरी माणूस हाय का तिच्यात? त्यांच्या घरचं कुणी माझ्याकडं येत न्हाई. तुम्हीच त्यांच्या दारात जायला पायजे.”

नव्या गावात मी सुरुवात त्याच घरांपासून केली.